मदत हवी आहे : जुन्या एमएम ५४० ची चासी, पट्टी मारावी की पूर्ण बॉक्स करावी?

नमस्कार मंडळी. आम्ही तिघे मित्र गुहागरला एक जुनी महिंद्रा एमएम ५४० जीप पुन्हा उभी करतोय. प्यूजोचं २,११२ सीसी डिझेल इंजिन ठणठणीत आहे, त्याची काळजी नाही. अडचण चासीची, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याची. खाऱ्या वाऱ्याने मागच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) हँगरजवळ गंज आतून पोखरत गेलाय. हातोडी मारली की पापुद्रे सुटतात.

गावातला वेल्डर म्हणतो, चासीची उघडी, इंग्रजी सी आकाराची चॅनल प्लेट मारून बंद करू, म्हणजे बॉक्स करू, मजबूत होईल. मजबुती येईल हे खरं, पण किनाऱ्यावर बंद पोकळीत खारट ओल अडकली तर गंज दिसणारही नाही. म्हणून माझं मन गंजका भाग कापून नवा तुकडा जोडावा आणि वर बाहेरून लांब, तिरक्या टोकांची पट्टी मारावी याकडे झुकतंय. सरळ उभ्या कडेवर वेल्डिंग केलं तर ताण तिथेच एकवटतो आणि तडा जातो.

पट्टी ४ मिमी घ्यावी की ५? वेल्डिंगचे ७०१८ रॉड पावसाळी हवेत कोरडे कसे ठेवता? आतून झिंक प्रायमर पुरतो, की वर मेणाचं कोटिंगही लागतं? आणि मोटार वाहन कायद्यातल्या कलम ५२ चा (गाडीतल्या बदलांबाबतच्या) विचार करता अशा दुरुस्तीला आरटीओची परवानगी कोणी काढली आहे का?

ही गाडी आम्हाला अजून वीस वर्षं घाटात चालवायची आहे. किनारपट्टीवर हे काम केलेल्यांनी फोटोसह सांगितलं तर फार उपकार होतील.