चिनी कुटुंब ‘मोडलं’ म्हणणाऱ्यांना

निंगबोरिटर्न: परवा इथे कुणीतरी ठोकून दिलं, ‘एक मूल धोरणाने चिनी कुटुंब मोडलं, मुलं आईबापांना विचारत नाहीत.’ नऊ वर्षं राहिलोय तिथे, म्हणून राहवत नाही. १९७० साली बाईमागे सरासरी पावणेसहाच्या आसपास मुलं होती, १९७९ पर्यंत ती तीनच्या खाली आली. धोरण त्यानंतरचं! आणि २०१६ पासून दोन, २०२१ पासून तीन मुलांना परवानगी आहे. वाढला का पाळणा?

देशमुख_सातारा: ते मीच लिहिलं होतं. आईबापांना भेटायला जा, असं २०१३ मध्ये कायद्यात घालावं लागलं. माया असती तर कायदा कशाला?

निंगबोरिटर्न: माया आहे हो, हुकोउ आड येतो, म्हणजे तिथली गावाशी बांधलेली सरकारी रहिवासनोंद! बाप कारखान्यात, पोराची नोंद गावची. शहरातल्या सरकारी शाळेत प्रवेशाची मारामार आणि गाओकाओ, म्हणजे कॉलेजप्रवेशाची परीक्षा, द्यायला बऱ्याचदा पुन्हा गावीच. मग पोर आजीकडे ठेवतात, नाहीतर आजीलाच शहरात आणतात. आमच्या खालच्या मजल्यावर आन्ह्वेई प्रांतातली एक आजी होती. नवरा गावी शेतावर. रोज संध्याकाळी तांदळाच्या डब्याला फोन टेकवून त्याला नातू दाखवायची आणि बोलता बोलता भाजी निवडायची. याला मोडलेलं म्हणता?

मृण्मयी_क: हो, मी म्हणते! साठीनंतर नवराबायकोची ताटातूट, याचं कौतुक कसलं? माझी आई दोन बाळंतपणांना सहा-सहा महिने न्यू जर्सीला राबली. बाबा इथे डब्यावर. गुडघे तिथेच गेले तिचे. सगळे म्हणायचे, ‘नातवंडांत रमल्या.’

देशमुख_सातारा: आजीने नातवंडं सांभाळली तर तक्रार, पाळणाघरात ठेवली तरी तक्रार. आमच्या आईने सात सांभाळली.

मृण्मयी_क: तुमच्या आईला विचारलं होतं कुणी? विषय चीनचा असो नाहीतर साताऱ्याचा, आजीला धरून चालायचं!

देशमुख_सातारा: माझ्या आईवर जाऊ नका.

निंगबोरिटर्न: भांडू नका. देशमुख, वाताहत झाली हे मान्य, पण दोष मुलांच्या मायेचा नाही.

देशमुख_सातारा: बरं, हुकोउचं मानतो. ‘विचारत नाहीत’ हे मागे घेतो. बाकी नाही.

मृण्मयी_क: निंगबो, त्या आजीला राहायचं होतं का तिथे?

निंगबोरिटर्न: तीन वर्षं जिन्यात रोज बोलायचो. हे कधी विचारलं नाही.