पार्किंगमधल्या गाडीचे कॅमेरे: बी विंग ग्रुप

मीनल ३०४: समीर, नव्या गाडीचं अभिनंदन! एक विचारायचं होतं. गाडी उभी असताना तिचे कॅमेरे चालू असतात का? तुझ्या स्लॉटसमोरच मुलं खेळतात.

समीर ७०२: थँक्यू ताई. हो, कोणी जवळ आलं की रेकॉर्डिंग सुरू होतं. आधीच्या गाडीला कोणीतरी चरे पाडले होते, म्हणून मुद्दाम घेतलं.

कुलकर्णी काका: चांगलंच आहे की. सोसायटीचा सीसीटीव्ही आहेच, त्यात अजून एक.

मीनल ३०४: काका, आपलं फुटेज ऑफिसातल्या डीव्हीआरमध्ये राहतं. बघायचं तर सेक्रेटरींकडे अर्ज करावा लागतो. गाडीचं फुटेज कंपनीकडे गेलं तर जाब कोणाला विचारायचा? रॉयटर्स या वृत्तसंस्थेनं एप्रिल २०२३ मध्ये बातमी दिली होती. २०१९ ते २०२२ मध्ये टेस्लाचे काही कर्मचारी ग्राहकांच्या गाड्यांनी टिपलेले व्हिडिओ आपापसात फिरवत होते. एकात कपडे नसलेला माणूस होता. दुसऱ्यात सायकलवरच्या लहान मुलाला गाडीची धडक बसली होती, तो तर ऑफिसभर गेला. त्या मुलाच्या आईवडिलांना काय वाटलं असेल?

समीर ७०२: भयंकर आहे हे. पण माझी गाडी टेस्ला नाही, आणि मी संमती दिली तरच डेटा जाणार ना?

मीनल ३०४: फायरफॉक्स ब्राउझरवाल्या मोझिलानं २०२३ मध्ये गाड्यांचे २५ ब्रँड तपासले, गोपनीयतेत एकही पास झाला नाही. आणि संमती तुझी रे. खाली खेळणाऱ्या पोरांची कुठे घेतलीय?

अ‍ॅड. शिंदे ५०१: आपला डेटा संरक्षण कायदा २०२३ चा. त्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती लागते. पण नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य बंधनांना १८ महिन्यांची मुदत दिलीय. नेदरलँड्समध्ये तिथल्या डेटा संरक्षण प्राधिकरणानं चौकशी केली, तेव्हा टेस्लानं सेटिंग बदललं. कॅमेरे आधीपासून बंद, मालकानं चालू केले तरी गाडीला हात लागल्यावरच रेकॉर्डिंग, आणि तेव्हा हेडलाइट लुकलुकतात. विचारणारं कोणी असलं की बदल होतो.

समीर ७०२: डेटा शेअरिंग आत्ताच बंद केलं. सोसायटीत असताना रेकॉर्डिंगही बंद ठेवेन, पण मग गेटकडचा कॅमेरा माझ्या स्लॉटकडे वळवा. चरे पडले तर भरपाई कोण देणार?

कुलकर्णी काका: रास्त आहे. आणि पाहुण्यांच्या गाड्या, कॅब?

सेक्रेटरी: रविवारच्या मीटिंगला दोन्ही विषय घेतो. शिंदे साहेब, मसुदा द्याल का?