पोदेराचा भोंगा: कानावर काय पडतं आणि ऐकू काय येतं?

चोडणची_वाट
पहाटे पोदेराच्या, म्हणजे आमच्या पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजतो तेव्हा मी अंथरुणातच असते. देवळाकडच्या चढावर तो बारीक, आमच्या गडग्यापाशी मोठा. पण ‘आधी बारीक, मग मोठा आवाज’ असं मला कधीच ऐकू येत नाही. ऐकू येतो जवळ येणारा पोदेर. उंडे (गोल पाव) किती घ्यायचे ते ठरवूनच उठते. गेल्या आठवड्यात पिशवी घेऊन गडग्यापर्यंत गेले, तर स्कूटरवर मासळीवाला! भोंगा अगदी तसाच. कानावर पडलं ते तर बरोबर होतं, मग माझं चुकलं काय?

फेरीबोटीतही तेच. रायबंदरला जाताना धक्क्यावरची आई लांब जाते, लहान होत नाही. मोबाइलच्या फोटोत मात्र मुंगीएवढी.

दृष्टिपटल
ताई, चुकलं यातच सगळं आलं. लाजाळूला बोट लावा, नाहीतर पावसाचा टपोरा थेंब पडू दे, पानं मिटतात. लाजाळू चुकली असं आपण म्हणत नाही, कारण तिने ‘हे बोट आहे’ असं धरलेलंच नसतं. तुम्ही बाहेर पोदेर आहे असं ऐकलंत, म्हणून ते खोटं ठरू शकलं.

आई ३ मीटरवरून ६ मीटरवर गेली की डोळ्यातली तिची प्रतिमा निम्मी होते. मेंदू अंतर हिशेबात घेतो आणि उंची तेवढीच ठेवतो. हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञाने १८६७ साली याला नकळत होणारं अनुमान म्हटलं.

फोंड्याचे_मास्तर
अनुमान म्हणायला माझं मन घेत नाही. अनुमानाला हेतू, म्हणजे ज्यावरून ओळखायचं ती खूण, लागतो: धूर दिसला, म्हणून आग. अंथरुणात तुम्ही ‘भोंगा वाजला, म्हणून पोदेर’ असं म्हणता का? चंदनाचं खोड लांबून पाहिलं तरी ‘सुगंधी चंदन’ असं ज्ञान होतं, नाकाला वास नसताना. १४ व्या शतकातल्या गंगेशाच्या नव्यन्यायात, म्हणजे न्यायदर्शनाच्या नव्या परंपरेत, हेही प्रत्यक्षच, इंद्रियांनी थेट झालेलं ज्ञान. पूर्वी घेतलेला वास आताच्या पाहण्यात उतरतो, त्याला ज्ञानलक्षण सन्निकर्ष म्हणतात. अद्वैत्यांना हे मान्य नाही. ते म्हणतात, चंदनापुरतं प्रत्यक्ष, सुगंध परोक्ष, म्हणजे थेट न जाणवलेला. मला नैयायिकांचं पटतं.

चोडणची_वाट
मास्तर, दोन दिवस मुद्दाम पडून ऐकलं. नुसता आवाज ऐकायचा म्हटलं तर दोनदा भोंगा वाजेपर्यंत जमतं, मग पुन्हा पोदेरच. पहिल्या दिवशी भोंग्याखाली सायकलच्या चेनची खडखड आहे की इंजिनाची घरघर, हे कान देऊन शोधत होते. खडखड, म्हणून पोदेर. तुमच्या धुरासारखंच. आज शोधावं लागलं नाही. चढावरूनच मासळीवाला ऐकू आला, आणि मासळीवालाच निघाला. म्हणजे काल जे अनुमान होतं ते आज प्रत्यक्ष झालं का? की कालही दृष्टिपटल म्हणतात तसं अनुमानच होतं आणि आजही आहे, फक्त मला कळेनासं झालं?