मदत हवी आहे: नुकतंच वाचायला लागलेल्या मुलीसाठी यमकांची मराठी पुस्तकं

नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक पहिलीत आहे आणि सध्या डॉ. स्यूसच्या ‘ग्रीन एग्ज अँड हॅम’च्या नादात आहे. १९६० सालचं हे पुस्तक अवघ्या ५० वेगवेगळ्या शब्दांत लिहिलंय. त्यातला ‘एनीव्हेअर’ सोडला तर बाकी सगळे एका दमात उच्चारता येतील असे शब्द. ‘बॉक्स’ वाचलं की ती बोट तिथेच ठेवून चित्राकडे बघते, कोल्हा दिसतो आणि ‘फॉक्स’ ओठावर येतो. यमक आणि चित्र मिळून पुढचा शब्द हातात देतात, म्हणून ती न घाबरता वाचते.

असं मराठीत काय आहे? तिला काना आणि वेलांट्या येतात, उकार अडतात, जोडाक्षर आलं की पुस्तक बंद! बडबडगीतं तिला तोंडपाठ आहेत, पण ती ऐकायला छान. वाचायला घेतली की दर ओळीला नवा शब्द. ‘स्टोरीवीव्हर’ या मुलांच्या गोष्टींच्या वेबसाइटवरच्या पहिल्या पातळीच्या मराठी गोष्टी आम्ही वाचतो, त्या आवडतात, पण मला तालात म्हणता येणारं हवंय.

ओळी छोट्या, टाइप मोठा, तेच ते शब्द पुन्हा पुन्हा आणि जोडाक्षरं जवळपास नाहीत, अशी पुस्तकं तुमच्या मुलांनी स्वतः वाचली असतील तर नाव आणि प्रकाशन सांगाल का? आजी दिवाळीनंतर पुण्याहून येणार आहे, तिच्याबरोबर मागवता येतील.