अर्जात ‘ड्युबिअस’ लिहावं की ‘डाउटफुल’?

प्रश्न – तेरेखोल
जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सात-बारासारखा उतारा) एक नाव कशाच्या आधारे चढलं ते कळत नाही. मामलेदार कचेरीत इंग्रजीतून अर्ज द्यायचाय. ‘द एंट्री इज ड्युबिअस’ लिहू की ‘डाउटफुल’? कोशात दोन्हींपुढे ‘संशयास्पद’ एवढंच दिलंय.

मांडवीकाठ
‘ड्युबिअस’ नकोच. कागदाला किंवा व्यवहाराला तो शब्द लावला की त्यात काळंबेरं आहे असं सुचवल्यासारखं होतं, आणि पुरावा हातात नसताना तो आरोप ठरतो. ‘डाउटफुल’मध्ये लबाडीचा आरोप नसतो. खात्री नाही, आणि कल ‘बहुधा नाही’कडे. दुखापत झालेला खेळाडू सामन्यासाठी ‘डाउटफुल’ असतो. त्याला ‘ड्युबिअस’ म्हटलं तर त्याच्या सचोटीवरच बोट.

माणसाच्या बाबतीत जागा बघायची. ‘आय ॲम ड्युबिअस अबाउट इट’ म्हणजे शंका मला आहे. ‘अ ड्युबिअस मॅन’ म्हणजे तो माणूसच भरवशाचा नाही.

तुमच्या अर्जाला दोन्ही शब्द लागत नाहीत. ‘द बेसिस ऑफ धिस एंट्री इज नॉट क्लिअर’ लिहा, सर्वे नंबर व उपविभाग द्या आणि त्या म्युटेशनच्या (फेरफाराच्या) कागदपत्रांची प्रमाणित प्रत मागा.

तेरेखोल
आभारी आहे. पुढे ‘आय डाउट दॅट द सिग्नेचर इज फोर्ज्ड’ असं एक वाक्य आहे. ते ठेवू?

कुशावती
अजिबात ठेवू नका, अर्थ उलटा होतोय! मराठीत ‘सही खोटी असल्याची मला शंका आहे’ म्हणजे ती खोटी असावी. इंग्रजीत ‘आय डाउट दॅट’ म्हणजे तसं नसावं. तुमच्या वाक्यातून ‘सही खोटी आहे असं मला वाटत नाही’ असं वाचलं जाईल, म्हणजे तुमच्याच अर्जात समोरच्याची बाजू. तिथे ‘सस्पेक्ट’ हवं. ‘आय डाउट द सिग्नेचर इज जेन्युइन’ हेही चालेल.

विशेषणालाही हेच लागू. ‘इट इज डाउटफुल दॅट ही साइन्ड’ म्हणजे त्याने सही केली नसावी. कल दाखवायचा नसेल तर ‘व्हेदर’ वापरा: केली की नाही, नक्की नाही. सरकारी अर्जात मला ‘व्हेदर’च योग्य वाटतं. ‘आय हॅव अ डाउट’ हे विचारणा या अर्थाने आपल्याकडे शाळेपासून रुळलंय. वर्गात ठीक, अर्जात ‘क्वेरी’ लिहावं.

मांडवीकाठ
कुशावतींचा मुद्दा माझ्या मुद्द्यापेक्षा महत्त्वाचा, आधी ते वाक्य बदला. बँकेच्या कागदावर ‘डाउटफुल’ दिसला तर मात्र तो कल नव्हे, वर्ग असतो: थकीत कर्ज ‘सबस्टँडर्ड’ वर्गात १२ महिने राहिलं की ‘डाउटफुल’ होतं, त्यापुढचा वर्ग ‘लॉस’. तिथे ‘ड्युबिअस’ चालत नाही.

साळ नदी
उच्चाराचं राहिलं. ‘डाउट’मधला ‘बी’ मुका, कारण शब्द फ्रेंचमधून त्याविनाच आला. लॅटिन मूळ दिसावं म्हणून ते अक्षर मागाहून घातलं. ‘ड्युबिअस’ थेट लॅटिनवरून घेतलेला, म्हणून त्यातला ‘ब’ स्पष्ट म्हणायचा.