जांभ्या दगडाच्या जुन्या घरात मोबाइलवर वाय-फाय मागच्या खोल्यांपर्यंत पोहोचत नाही, काय करावे?

खानापूर_गावकरी

नमस्कार मंडळी,

आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. बांधकाम जुने असल्यामुळे भिंती जांभ्या चिऱ्याच्या आणि दीड फुटाहून जाड आहेत. पुढे सोपा, मध्ये माजघर, त्यामागे स्वयंपाकघर आणि मागच्या परड्यात अलीकडे बांधलेली स्लॅबची एक खोली, अशी लांबट रचना आहे. फायबरची जोडणी सोप्यात आली असून राउटर तिथल्याच लोखंडी कपाटावर, भिंतीला टेकून ठेवलेला आहे. सोप्यात मोबाइलवर सर्व काही सुरळीत चालते. माजघरात सिग्नलची एखादीच रेघ दिसते, आणि मागच्या खोलीत जोडणीचे नाव दिसते पण पान उघडत नाही.

मुलगी मागच्या खोलीत टॅबवर अभ्यास करते. आईला चालण्याचा त्रास असल्याने ती माजघरातच असते आणि पुण्याला असलेल्या माझ्या भावाशी व्हिडिओवर बोलताना चित्र वरचेवर थांबते. आमच्याकडे मोबाइलचा मनोरा दूर असल्याने साधा फोनही घरात नीट लागत नाही, म्हणून सगळी मदार वाय-फायवर आहे. पावसाळ्यात त्रास अधिक वाढतो. दुकानदार जास्त शक्तीचा, चार अँटेनांचा राउटर घ्या असे सांगतो. तो घ्यावा का, की फोनमध्येच काही बदल करून भागेल?

जोडणी_शहापूर

नमस्कार. माझे काम घरांतील व दुकानांतील अंतर्गत केबल जोडणीचे आहे आणि कणकुंबीपर्यंतच्या पट्ट्यातील अशी घरे माझ्या पाहण्यात आहेत. आपण नवा राउटर घेण्याची घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि त्याचे कारण नीट सांगतो.

वाय-फाय हे रेडिओसारखे एकतर्फी प्रसारण नाही. राउटरने पाठवलेला माहितीचा प्रत्येक तुकडा मिळाल्याची पोच फोनला परत पाठवावी लागते, आणि ती पोच राउटरपर्यंत पोहोचली नाही तर तोच तुकडा पुन्हा पाठवला जातो. फोनची अँटेना लहान असते, बॅटरी वाचवण्यासाठी त्याची प्रक्षेपणाची शक्तीही राउटरपेक्षा सामान्यतः कमी ठेवलेली असते. त्यामुळे राउटरचा आवाज फोनला ऐकू येतो, पण फोनचा आवाज राउटरला ऐकू येत नाही, अशी स्थिती निर्माण होते. मागच्या खोलीत नाव दिसते आणि पान उघडत नाही, याचा बहुधा हाच अर्थ आहे. राउटरची शक्ती वाढवल्याने रेघा वाढतील, फोनची शक्ती मात्र तेवढीच राहील. चांगल्या अँटेनांमुळे राउटरची ऐकण्याची क्षमता थोडी सुधारते हे खरे, तरी तीन-चार जाड भिंतींपुढे तेवढा फरक पुरत नाही.

आता भिंतींविषयी. जांभा दगड सच्छिद्र असतो आणि पावसाळ्यात पाणी धरून ठेवतो, आणि वाय-फायच्या लहरी पाण्यात फार लवकर क्षीण होतात. म्हणून पावसाळ्यात त्रास वाढतो हे आपले निरीक्षण अगदी योग्य आहे. दुसरी गोष्ट सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे लहर भिंतीतून तिरकी गेली तर तिला भिंतीची जाडी अधिक कापावी लागते. सरळ गेल्यास जी भिंत दीड फुटाची असते, तीच साठ अंशांनी तिरके गेल्यास तीन फुटांची होते. राउटर कोपऱ्यात असेल तर घरातल्या बहुतेक खोल्यांना लहरी तिरक्याच जातात. मागच्या खोलीच्या स्लॅबमधील लोखंडी सळ्यांची अडचण आणखी वेगळी.

सर्वांत आधी राउटर लोखंडी कपाटावरून काढावा. धातू लहरी परतवतो, आणि मोठा पत्रा इतका जवळ असला तर अँटेनाचे काम बिघडते. सोपा आणि माजघर यांच्यामधल्या दरवाजाच्या समोर, माणसाच्या खांद्याइतक्या उंचीवर, लाकडी फळीवर तो ठेवून पाहावा. फायबरची वायर तेवढी पोहोचत नसेल तर ती ओढू नये किंवा काटकोनात वाकवू नये. आतली काच तुटली तर संपूर्ण जोडणीच बंद पडते. त्याऐवजी फायबरचे यंत्र जागेवरच ठेवून तिथून साध्या नेटवर्क केबलने दुसरा राउटर पुढे नेता येतो.

अँटेनांची दिशा हाही महत्त्वाचा भाग आहे. काठीसारख्या अँटेनातून लहरी तिच्या टोकाकडे जवळपास जात नाहीत, त्या तिच्या भोवती मेदूवड्याच्या आकारात पसरतात आणि अँटेना त्या वड्याच्या भोकातून आरपार गेलेली असते. आपले घर एकमजली आहे असे गृहीत धरतो, म्हणून अँटेना उभ्या ठेवाव्यात. त्यांचे टोक मागच्या खोलीकडे रोखले तर सिग्नल वाढण्याऐवजी कमीच होईल.

निपाणी_शिक्षिका

वरील उत्तर अतिशय उपयुक्त आहे. फोनच्या बाजूने काय करता येईल, त्यात थोडी भर घालते.

आजचे बहुतेक राउटर २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा वारंवारतेच्या दोन पट्ट्यांवर चालतात. ५ चा पट्टा वेगवान असतो, पण भिंतींमध्ये तो लवकर अडतो, आणि मोकळ्या जागेतही सारख्या अंतरावर त्याची घट सुमारे ७ डेसिबलने (सिग्नलची शक्ती मोजण्याचे एकक) अधिक असते. दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेले असेल तर फोन सोप्यात ५ वर जोडला जातो आणि माजघरात गेल्यावरही बराच वेळ तोच धरून राहतो. राउटरच्या सेटिंगमध्ये दोन्हींना वेगळी नावे द्यावीत आणि आईंच्या फोनमध्ये फक्त २.४ चे नाव जतन करून ठेवावे. वयस्कर माणसांना मध्येच पट्टा बदलायला सांगणे योग्य नाही, म्हणून ही व्यवस्था आपणच करून द्यावी.

फोनवरच्या रेघांवर विसंबू नये, कारण किती रेघा दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठरवते. अनेक अँड्रॉइड फोनमध्ये 'फोनविषयी' या भागात बिल्ड नंबरवर सात वेळा टिचकी मारली की डेव्हलपर पर्याय उघडतात. तिथे वाय-फाय व्हर्बोज लॉगिंग सुरू केल्यावर उपलब्ध जोडण्यांच्या यादीत सिग्नलचा आकडा दिसू लागतो. हा आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओवरील संभाषण सहसा नीट चालते, आणि उणे ८० च्या पलीकडे फक्त नाव दिसते असे समजावे. दर ३ डेसिबलला शक्ती निम्मी होते, त्यामुळे आकड्यातला लहानसा फरकही मोठा असतो. राउटर हलवण्यापूर्वी आणि हलवल्यानंतर, फोन त्याच जागी आणि त्याच पद्धतीने धरून हे आकडे वहीत लिहून ठेवावेत.

टॅबला किंवा फोनला धातूची पट्टी अथवा चुंबक असलेले जाड कव्हर असेल तर ते काढून एकदा मोजणी करावी. मुलीचा टॅब आडवा धरल्यावर दोन्ही तळहात कडांवर येतात आणि अँटेना बहुधा कडांनाच असते, म्हणून तो स्टँडवर उभा करून वापरावा. आपल्या भागात फोन लागत नाही असे आपण लिहिले आहे. आपला फोन आणि सिमकार्ड यांत सोय असेल तर वाय-फाय कॉलिंग सुरू करावे, म्हणजे साधा फोनही घरातील वाय-फायवरून लागेल. रात्री-अपरात्री डॉक्टरांना फोन करण्याची वेळ येते, त्या दृष्टीने ही सोय मला फार महत्त्वाची वाटते.

अनगोळ_वाचक

आमच्याकडे वरच्या मजल्यावर प्लगमध्ये खोचायचा रिपीटर, म्हणजे राउटरचा सिग्नल पकडून पुढे पाठवणारे यंत्र, लावला आहे आणि त्याचे काम समाधानकारक चालते. खर्चही कमी आला. शहरात घरे एकमेकांना लागून असल्यामुळे आम्हाला चॅनेलही (पट्ट्यातील लहान भाग) बदलावा लागला; २.४ च्या पट्ट्यात १, ६ आणि ११ हे तीन चॅनेल एकमेकांवर येत नाहीत, त्यातला शेजाऱ्यांकडे कमी वापरात असलेला निवडला. आपल्याकडे शेजार विरळ असेल तर ही अडचण बहुधा येणार नाही.

खानापूर_गावकरी

सर्वांचे मनापासून आभार. राउटर कपाटावरून काढून माजघराच्या दरवाजासमोर लावला आणि दोन्ही पट्ट्यांना वेगळी नावे दिली. माजघरातला आकडा उणे ७९ वरून उणे ६६ वर आला आणि आई भावाशी विनाअडथळा बोलू लागली. मागच्या खोलीत मात्र तो अजून उणे ८४ च आहे. तिथे रिपीटर लावावा की केबल न्यावी? भिंतीला भोक पाडावे लागेल, म्हणून विचारतो.

जोडणी_शहापूर

माजघरासाठी आणखी काही करण्याची गरज नाही. मागच्या खोलीसाठी केबलच न्यावी.

रिपीटर जिथे लावाल तिथे त्याला स्वतःला चांगला सिग्नल मिळाला पाहिजे. मागच्या खोलीत लावला तर त्याला उणे ८४ चाच सिग्नल मिळेल आणि तीच कमकुवत जोडणी तो पुढे देईल. स्वयंपाकघरात लावला तर चालेल, परंतु साधा रिपीटर एकाच चॅनेलवर आधी ऐकतो आणि मग बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्मा होतो. अनगोळच्या मित्रांचा अनुभव योग्यच आहे, मात्र मध्ये एकच स्लॅब असणे आणि तीन ओल्या भिंती असणे यांत फरक आहे.

केबल कॅट ६ प्रकारची आणि शुद्ध तांब्याची मागावी. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची केबलही त्याच नावाने मिळते, ती घेऊ नये. १०० मीटरपर्यंत ही केबल चालते, तेव्हा आपल्या घराला काहीच अडचण नाही. जांभा मऊ असल्याने लांब बिटच्या ड्रिलने भोक सहज पडते. ते बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पागोळ्यांचे पाणी आत झिरपणार नाही. मागच्या खोलीत जुना राउटर असला तरी पुरतो. त्याची केबल लॅन पोर्टमध्ये (इंटरनेटच्या नव्हे, घरातील उपकरणांच्या खाचेत) लावावी, त्यातील डीएचसीपी (फोनना आपोआप पत्ते वाटणारी सोय) बंद करावे, त्याचा नेटवर्कमधील पत्ता मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यावा, आणि जोडणीची नावे व पासवर्ड तेच ठेवून २.४ चा चॅनेल निराळा निवडावा, उदाहरणार्थ पुढे १ तर मागे ११. वीज गेल्यावर दोन्ही राउटर चालू राहिले पाहिजेत, म्हणून मागच्यालाही १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावावा, फक्त राउटरवरचा व्होल्टेज आधी वाचून घ्यावा.

स्वयंपाकघर आणि मागची खोली यांच्यामध्ये परड्याची मोकळी जागा असेल, तर तेवढ्या भागात तांब्याची केबल उघड्यावर लोंबती ठेवू नये. आपल्याकडे वळवाच्या पावसात विजा फार कडाडतात, आणि जवळपास वीज पडली तरी अशा केबलमधून दाब येऊन दोन्हीकडचे राउटर जळू शकतात. केबल जमिनीखालून प्लॅस्टिकच्या पाइपमधून न्यावी, आणि विजा सुरू झाल्या की ती दोन्ही टोकांना राउटरमधून काढून ठेवावी. खर्च परवडत असेल तर तेवढ्या टप्प्यात धातूची तार नसलेली फायबर आणि दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (प्रकाशाचे आणि विजेचे संकेत एकमेकांत बदलणारी यंत्रे) लावावेत, म्हणजे त्या वाटेने विजेचा दाब येणार नाही. परड्यातील अंतर किती आहे ते कळवा, म्हणजे नेमके कोणते साहित्य लागेल ते सांगतो.