मुलांच्या औषधाच्या चिठ्ठीवर वजन आणि हिशेब लिहिणं सक्तीचं असावं का?

चिमणीची_आई (धागाकर्ती)
गेल्या आठवड्यात आठ महिन्यांच्या लेकीला ताप आला. डॉक्टरांनी वजन केलं, ८ किलो भरलं. चिठ्ठीवर लिहिलं: पॅरासिटॅमॉल ५ मिली, ताप असेल तर दर सहा तासांनी. दुकानातून मिळालेली बाटली ड्रॉप्सची होती. रात्री दोन वाजता मी ड्रॉपर हातात घेऊन बसले, तर त्यावर खुणा १ मिलीपर्यंतच. म्हणजे पाच वेळा भरायचा? सासूबाई शेजारीच होत्या. म्हणाल्या, "अगं, अशाने ही बाटली तीन वेळांतच संपेल. काहीतरी चुकतंय."

लेबल वाचलं. एका मिलीत १०० मिग्रॅ. डॉक्टरांच्या मनात होतं ते सिरप, ५ मिलीत १२० मिग्रॅवालं. ड्रॉप्स ५ मिली दिले असते तर पोटात ५०० मिग्रॅ गेलं असतं, हव्या त्याच्या चौपटीहून जास्त. तेही दर सहा तासांनी. अजून अंगावर काटा येतो.

माझं म्हणणं असं. लहान मुलाच्या प्रत्येक चिठ्ठीवर चार गोष्टी असल्याच पाहिजेत: वजन, किलोमागे किती मिग्रॅ, औषधाची तीव्रता आणि शेवटी मिली. माझ्या चिठ्ठीवर फक्त शेवटची होती. हिशेब नसेल तर दुकानदाराने औषध देऊ नये, इतकी सक्ती हवी.

बालरोग_ओपीडी
ताई, बाळ सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं. तीव्रता न लिहिणं ही डॉक्टरची चूकच, तिथे बचाव नाही. पण सक्तीला माझा विरोध आहे.

हिशेब लिहिला म्हणून तो बरोबर असतो असं नाही. ८० किलोचा चौदा वर्षांचा मुलगा घ्या. किलोमागे १५ मिग्रॅने १२०० मिग्रॅ येतात आणि मोठ्या माणसाचा एका वेळचा कमाल डोसच १००० आहे. कागदावरचा गुणाकार अचूक, डोस चुकीचा. नवजाताचं मूत्रपिंड पुरतं तयार नसतं, तिथे वजनाइतकंच महत्त्व तो किती आठवड्यांनी जन्मला आणि आज किती दिवसांचा आहे याला. कॅन्सरच्या बऱ्याच औषधांचा डोस शरीराच्या पृष्ठफळावर ठरतो. एका साच्यात हे सगळं कोंबलं की साचा भरला जाईल आणि विचार मागे पडेल.

शिवाय सक्तीचेही दुष्परिणाम असतात. अमेरिकेतल्या एका बालरुग्णालयात औषधं संगणकावरूनच लिहायची पद्धत आली. २००५ मध्ये तिथलाच अभ्यास छापून आला: बाहेरून हलवून आणलेल्या मुलांमधलं मृत्यूचं प्रमाण २.८० टक्क्यांवरून ६.५७ टक्क्यांवर गेलं होतं. मूल दारात पोहोचेपर्यंत औषध नोंदवता येत नव्हतं आणि नोंदवताना माणसं खाटेपासून दूर जात होती. हेतू चांगलाच होता.

रात्रपाळीची_सिस्टर
डॉक्टर, अर्धी गोष्ट सांगितलीत. २०१० मध्ये दुसऱ्या एका बालरुग्णालयाने तशीच पद्धत आणल्यावर मृत्यू सुमारे २० टक्क्यांनी घटल्याचं छापलं होतं. फरक पद्धत कशी बसवली याचा होता. सक्ती वाईट, असं यातून निघत नाही.

मी लहान मुलांच्या वॉर्डात काम करते. बाहेरच्यांना एक गोष्ट कळत नाही, म्हणून सविस्तर लिहिते. मोठ्या माणसाला चुकून दहापट औषध द्यायचं तर दहा कुप्या फोडाव्या लागतात. तिसऱ्या कुपीलाच हात थांबतो. नवजाताला त्याच कुपीतून ०.१ मिली काढायचं असतं. चुकून १ मिली काढलं, तर तेही त्याच एका कुपीत मावतं. सिरिंज छोटीच, काहीही विचित्र दिसत नाही. मोठ्यांच्या बाबतीत डोळा वाचवतो, तान्ह्याच्या बाबतीत फक्त आकडा वाचवतो. म्हणून आकडा कसा लिहिला याला एवढं महत्त्व. ".५" लिहिलं आणि टिंब पुसट असलं की ५ वाचलं जातं. "५.०" लिहिलं की ५०. पॉइंटच्या आधी शून्य हवंच, नंतरचं नकोच. हे आम्हाला पहिल्या महिन्यात शिकवतात, तरी रोज एखादा कागद तसा येतो.

२००१ मध्ये दोन रुग्णालयांतल्या मुलांचे १०,७७८ औषध-आदेश तपासले गेले. ६१६ चुका सापडल्या. त्यातल्या बहुतेक औषध लिहितानाच झालेल्या. इजा होऊ शकेल अशा चुकांचं प्रमाण मोठ्यांच्या तिप्पट निघालं. म्हणून मी ताईंच्या बाजूने आहे. हिशेब समोर असेल तर मी तो पुन्हा करून पाहू शकते. नुसतं "५ मिली" असेल तर मी काय तपासू?

स्पष्ट_बोलतो
सगळे कागदावर बोलताय. चूक माणूस करतो. दोन जणांचं लायसन्स गेलं की बाकीचे आपोआप नीट लिहायला लागतील. आणि पालकांनीही लेबल वाचायला नको का?

रात्रपाळीची_सिस्टर
@स्पष्ट_बोलतो, शिक्षेने चुका थांबत नाहीत, सांगणं थांबतं. अमेरिकेत २००६ साली इंडियानापोलिसच्या एका रुग्णालयात रक्त पातळ ठेवणाऱ्या हेपरिनच्या कुप्या बदलल्या गेल्या आणि ३ नवजात बाळं गेली. पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिसमध्ये अभिनेता डेनिस क्वेड यांच्या जुळ्यांना तेच झालं: मिलीला १० युनिटऐवजी १०,००० युनिटचं, दोनदा. ती वाचली. दोन शहरं, वेगळी माणसं, तीच चूक. निळ्या लेबलांच्या सारख्या कुप्या हे कारण कोणाला काढून टाकून गेलं नसतं.

मी स्वतः एकदा सलाइनचा वेग चुकीचा लावला होता. बाळाला काही झालं नाही. मी लगेच सांगितलं, कारण तेव्हाच्या आमच्या इन्चार्ज सिस्टर ओरडणाऱ्या नव्हत्या. ओरडणाऱ्या असत्या तर सांगितलं असतं का, मला माहीत नाही.

फार्मसी_काउंटर
माझी बाजूही ऐका. चिठ्ठीवर वजन नसतं आणि मूल वडिलांच्या खांद्यावर झोपलेलं असतं. विचारलं तर उत्तर "असेल दहा-बारा किलो." दहा आणि बारात वीस टक्क्यांचा फरक. वजन लिहिलेलं असेल तर मी अर्ध्या मिनिटात ताळा करतो. तेव्हा वजन आणि तीव्रता सक्तीची करा, माझा पाठिंबा. पण "हिशेब नसेल तर औषध देऊ नये" याला माझा साफ नकार. रात्री अकराला झटके येणाऱ्या मुलाचं औषध मी कागद अपुरा म्हणून अडवू? फोन करून विचारेन, परत पाठवणार नाही.

ताईंच्या बाबतीत दुकानातही चूक झाली, हे मान्य करायला हवं. ५ मिली लिहिलंय आणि हातात ड्रॉप्स आहेत, तिथेच थांबायला हवं होतं. अमेरिकेत २०११ पासून उत्पादकांनी मुलांच्या पातळ पॅरासिटॅमॉलची तीव्रता एकच करायला घेतली, ५ मिलीत १६० मिग्रॅ. घोळाचं मूळच कापलं. चिठ्ठी सुधारण्याहून मला हे जास्त पटतं.

आणि मोजायचं काय? २०१६ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात पालकांना औषध मोजायला दिलं तेव्हा शंभरातल्या चौऱ्याऐंशी जणांकडून निदान एकदा तरी चूक झाली. कपाने मोजताना चुकण्याची शक्यता सिरिंजच्या चौपट. @स्पष्ट_बोलतो, हे निष्काळजी पालक नव्हते. मी हल्ली सिरिंजवर पेनाने रेघ मारून देतो आणि समोरच एकदा भरून दाखवायला सांगतो.

चिमणीची_आई (धागाकर्ती)
औषध अडवण्याचा मुद्दा मागे घेते. झटक्यांचा विचार माझ्या मनात आला नव्हता. आणि हो, मलाही दुकानात कोणी भरून दाखवायला सांगितलं असतं तर तिथेच कळलं असतं.

पण डॉक्टर, हिशेबाचा आग्रह सोडत नाही. तुमच्या ८० किलोच्या मुलाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. १५ गुणिले ८० असं कागदावर दिसलं तर दुकानदाराला "कमाल १०००" आठवेल. तुमच्या डोक्यात केलेला गुणाकार कोणालाच दिसत नाही.

बालरोग_ओपीडी
हा मुद्दा मला खोडता येत नाही. वजन, तीव्रता आणि मिग्रॅ-मिली दोन्ही, एवढं प्रत्येक चिठ्ठीवर लिहायला तयार आहे. किलोमागचा आकडा पॅरासिटॅमॉलसारख्या रोजच्या औषधांना लिहीन. सरसकट सक्तीला अजूनही नाही.

रात्रपाळीची_सिस्टर
डॉक्टर, मग वजनापुढे तारीखही टाका. परवा एक बाळ दाखल झालं, जुन्या कागदावर ५ किलो. काट्यावर ठेवलं तर ७.२. तो कागद चार महिन्यांपूर्वीचा होता.